फ्रीज उघडणारा कुत्रा आणि चवथीच्या नेवऱ्या

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशी, घरातील सगळी मंडळी दुपारच्या आरतीसाठी माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाभाज्यांच्या मांडवाखाली) जमलेली असताना, आमच्या भिकू नावाच्या कुत्र्याने स्वयंपाकघरातील फ्रीज उघडला, आतला नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा खाली ओढला आणि आरती संपायच्या आत तो चाटूनपुसून रिकामा केला. ओल्या नारळाचे सारण टिकत नाही म्हणून त्या नेवऱ्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या, आणि आमच्या घरी सारणात बेदाणे सढळ हाताने घालण्याची रीत आहे. आम्ही आधी हसलो. पाहुण्यांपैकी एकाने तर मोबाइलवर त्याचे छायाचित्रही काढले. माझी सून मात्र हसली नाही. कुत्र्याला बेदाणे चालत नाहीत, असे तिने कुठेतरी वाचले होते, आणि तिच्या त्या वाचण्यामुळेच भिकू आज, हे पत्र मी लिहीत असताना, माझ्या पायाशी झोपलेला आहे.

सणाचा दिवस आणि त्यात दुपारची वेळ. ज्या दवाखान्यात आम्ही त्याला लस टोचायला नेतो तो बंद होता, दुसऱ्या ठिकाणी फोन कोणी उचलला नाही, आणि ओळखीतून ओळख काढत फोंड्यातल्या एका पशुवैद्यांच्या घरी पोहोचेपर्यंत सव्वा तास उलटून गेला होता. त्यांनी इंजेक्शन देऊन आधी उलटी करवली, मग सलाइन लावले आणि पुढचे तीन दिवस मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासत राहिले. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचे माप सांगता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, तर दुसऱ्याला थोडेसेही बाधते. उलट्या लवकर सुरू झाल्या तरी मूत्रपिंडे बिघडल्याची लक्षणे दिसायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून ‘बघू या, काही झाले तर नेऊ’ हा आपला नेहमीचा हिशेब येथे उलटा पडतो. अलीकडच्या काळात या विषबाधेसाठी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले जाते, आणि तेच आम्ल चिंचेतही भरपूर असते. ज्या गोव्यात माशांच्या आमटीला चिंच लागते, त्या गोव्यातील वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. निघताना एका वडीलधाऱ्या शेजाऱ्यांनी मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा आग्रह धरला होता. तो आम्ही मानला नाही हे बरे झाले, कारण तेवढ्या मिठाने रक्तातील सोडियम वाढून कुत्रा दगावू शकतो, असे डॉक्टरांनी नंतर बजावले.

भिकू वाचला, परंतु प्रश्न तसाच राहिला. त्यानंतर ज्यांना ज्यांना ही हकीकत सांगितली त्यांतील कित्येकांनी आपल्याही घरी असेच घडते, असे सांगितले. कोणाच्या कुत्र्याने बांगडे पळवले होते, कोणाच्या कुत्रीने लोण्याचा गोळा. उपाय विचारला की उत्तर मात्र एकच येई: ‘ताका बांदून दवर’, म्हणजे त्याला बांधून ठेव. या उत्तराविषयीच मला प्रामुख्याने लिहावयाचे आहे.

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात शिंके होते. दूध, दही, लोणी, तळलेले मासे, जे जे राखायचे ते सगळे आढ्याला टांगलेल्या त्या शिंक्यात, माणसाच्या हाताला लागेल आणि कुत्र्या-मांजराच्या उडीला लागणार नाही अशा उंचीवर असे. शिंके तुटले आणि बोक्याचे फावले, असे आपण म्हणतो. त्या म्हणीत कोणी बोक्याला दोष दिलेला नाही, जे काही घडले ते शिंक्याच्या दोरीमुळे घडले. फ्रीज घरात आला तेव्हा आपण ते शिंके उतरवून जमिनीवर ठेवले. वर बर्फाचा कप्पा आणि खाली मोठे दार अशी रचना असलेल्या फ्रीजमध्ये शिजवलेल्या अन्नाचे दार नेमके कुत्र्याच्या नाकासमोर येते. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे ग्राहक सुमारे पन्नास-साठ लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक. दाराच्या रबरातून निसटणारा जो वास आपल्याला येतच नाही, त्याने त्याला आत काय काय आहे याची यादीच मिळत असते.

दार इतके सहज उघडते यामागेही इतिहास आहे. जुन्या काळच्या फ्रीजना बाहेरून खटका असे आणि तो एकदा बसला की आतून उघडत नसे. टाकून दिलेल्या अशा फ्रीजमध्ये लपंडाव खेळताना मुले अडकून गुदमरत. अमेरिकेत अशा दुर्घटना वारंवार घडू लागल्यावर १९५६ साली तेथे कायदा झाला, आणि १९५८ च्या ऑक्टोबर अखेरीनंतर बनणाऱ्या प्रत्येक घरगुती फ्रीजचे दार आतून ढकलल्यावर उघडलेच पाहिजे असे बंधन आले. त्यासाठी लागणारा जोर १५ पौंडांहून, म्हणजे सुमारे पावणेसात किलोंहून, जास्त असता कामा नये असे ठरले. त्यानंतर खटका गेला आणि रबराच्या पट्टीत बसवलेले लवचीक लोहचुंबक आले. मुलांचा जीव वाचवणारी ही व्यवस्था योग्यच आहे, आणि कोणी ती काढून टाकावी असे मी चुकूनही म्हणणार नाही. परंतु जे दार लहान मूल आतून ढकलू शकते, ते चौदा किलोंचा गावठी कुत्रा बाहेरून नाक खुपसून उघडू शकतो, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

भिकूने ही कला कशी मिळवली याचा शोध आम्ही नंतर घेतला, आणि त्यात अपराधी कुत्रा निघाला नाही. माझा नातू जुन्या टॉवेलचे एक टोक स्वतः धरून दुसरे भिकूच्या तोंडी देतो आणि दोघे अंगणात रस्सीखेच खेळतात. तसाच टॉवेल आमच्याकडे हात पुसण्यासाठी फ्रीजच्या मुठीला अडकवलेला असे. कधीतरी त्याने तो ओढला असणार, दार उघडले असणार आणि समोर काहीतरी खाण्याजोगे दिसले असणार. अपंग व्यक्तींना मदत करण्यासाठी शिकवलेल्या कुत्र्यांना फ्रीज उघडायला शिकवतात तेव्हाही मुठीला दोरी किंवा फडकेच बांधतात, हे कळल्यावर तर मला आमच्याच भाबडेपणाचे हसू आले. जे शिक्षण इतरत्र प्रयत्नपूर्वक दिले जाते, ते आम्ही फुकट आणि नकळत दिले होते. टॉवेल काढला तोवर उशीर झाला होता. टॉवेल नाही, तर नाक. दाराच्या खालच्या कोपऱ्यात रबर थोडे सैल झाले होते, तेथे नाक घालून मान वळवायची, एवढे त्याने स्वतःच शोधून काढले.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरे आणि कुत्री खटक्याच्या पेट्यांत ठेवून ती बाहेर कशी पडतात हे पाहिले होते. प्राणी आधी वाटेल तशी धडपड करतात, एखाद्या धडपडीने योगायोगाने दार उघडते, आणि बक्षीस मिळाले की तीच धडपड पुढच्या वेळी लवकर होते, असे त्याला दिसले. याच्या पुढचे सत्य त्याहून जाचक आहे. दर वेळी बक्षीस मिळण्याऐवजी अधूनमधून मिळाले, तर लागलेली सवय अधिक चिवट होते. मटक्याचा आकडा लावणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच दहापैकी नऊ वेळा फ्रीज नीट बंद ठेवून दहाव्या वेळी विसरणारे घर कुत्र्याला फ्रीजपासून तोडत नाही, उलट त्याला चिकाटी शिकवते. उपाय करायचा तर तो दिवसातून चोवीस तास आणि घरातील प्रत्येकाने पाळण्याजोगा असावा लागतो. आमचे पहिले सगळे उपाय यामुळेच फसले.

पहिला उपाय रागावण्याचा. रिकामा डबा दाखवून मी त्याला खडसावले की तो कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात जाई, आणि सगळे म्हणत, ‘पाहा, त्याला कळते आहे.’ अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने केलेल्या कृत्याशी जुळत नाही, मालकाच्या रागावण्याशी जुळतो. काहीही न खाल्लेल्या कुत्र्याला रागावले तरी तो चेहरा दिसतोच. मी चाळीस वर्षे शाळेत शिकवले आहे, त्यामुळे हे वाचून मला कुत्र्यांखेरीज आणखीही काही चेहरे आठवले, पण तो विषय येथे नको. दुसरा उपाय दारासमोर चिऱ्याचा तुकडा ठेवण्याचा. तो दोन दिवस टिकला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे घरच्या मंडळींच्या पायाच्या अंगठ्याला लागल्यावर परत कुंपणावर गेला. मुठीला मिरचीचा ठेचा लावा, हा सल्लाही मिळाला. तो कोणी मानू नये, कारण त्याने कुत्र्याच्या डोळ्यांना आणि नाकाला इजा होते आणि दार उघडणाऱ्या पोरांच्या डोळ्यांतही तोच ठेचा जातो.

राहिली साखळी. कुत्र्याला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव काळ बांधून ठेवणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमानुसार गुन्ह्यात मोडते, हे तर आहेच. पण व्यवहार म्हणून पाहिले तरी साखळी प्रश्न सोडवत नाही. दिवसभर बांधलेला कुत्रा संध्याकाळी मोकळा सोडला की दिवसभराची सारी शक्ती घेऊन घरात शिरतो आणि पहिला मोर्चा स्वयंपाकघराकडेच वळवतो. आम्ही आठवडाभर करून पाहिले आणि सोडून दिले. तेव्हा शेजारचे भाई गमतीने म्हणाले, ‘मास्तर, नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्याच्या मागे धावले होते, आणि तुम्ही फ्रीजला कुलूप शोधता?’ मी त्यांना म्हटले, ‘भाई, नामदेवांच्या त्या पोळीत बेदाणे नव्हते.’

कुलूप हा शब्द मात्र डोक्यात राहिला. आमच्या जुन्या एकदारी फ्रीजला कुलूप-किल्ली होती, तशी ती आपल्याकडच्या बहुतेक जुन्या फ्रीजना असे, आणि आजही अनेक एकदारी फ्रीजना ती असते. ती किल्ली वीस वर्षे आमच्या देवघरातील डबीत हळदीकुंकवाच्या सोबतीने पडून होती आणि फ्रीज भंगारात गेला त्याच दिवशी तीही गेली. नवा दोन दारांचा फ्रीज घेताना त्याला कुलूप आहे का, हे आम्ही विचारले नाही. नंतर दुकानदाराकडे चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, ‘आता कोण लावतो कुलूप? दार छान दिसत नाही.’ दार छान दिसण्यासाठी आमचे किती सलाइन खर्ची पडले, हे मी त्याला सांगितले नाही.

घरी कडी-कोयंडा ठोकून घ्यावा असे मनात आले होते, सुताराला बोलावलेही होते, परंतु त्याआधी फ्रीजच्या मेकॅनिकला विचारण्याची बुद्धी झाली. हा मुद्दा वाचकांनी कृपया काळजीपूर्वक वाचावा. आजकालच्या पुष्कळ फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या पाठीमागे दिसत नाहीत, त्या बाजूच्या पत्र्याच्या आत बसवलेल्या असतात. म्हणूनच बाजूला हात लावला की ती गरम लागते. तेथे स्क्रू मारला तर नळीला भोक पडून फ्रीज कायमचा निकामी होऊ शकतो. शिवाय नव्या घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा वायू सर्रास वापरला जातो, आणि तो ज्वालाग्राही आहे. प्रमाण थोडे असले तरी शेजारी गॅसची शेगडी पेटलेली असताना तो सुटावा, असे कोणाच्याच घरी होऊ नये. फ्रीजला भोक पाडू नये, हे मी त्या मेकॅनिकच्या शब्दांत सांगतो; त्याने ते दोनदा सांगितले होते.

आता उपयोगी पडले ते सांगतो. लहान मुलांसाठी मिळणारे, चिकटवायचे पट्ट्याचे चाइल्ड लॉक हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, आणि गोव्यात तो हमखास फसतो, कारण आपण तो पावसाळ्यात चिकटवतो. हवेतील दमटपणा आणि स्वयंपाकघरातील तेलकट थर यांमुळे आमचे पहिले लॉक चौथ्या दिवशी भिकूच्या अंथरुणात चावलेल्या अवस्थेत सापडले. दुसऱ्या वेळी आम्ही पत्रा आधी साबणाच्या पाण्याने आणि मग स्पिरिटने पुसला, पूर्ण वाळू दिला, लॉक दाबून बसवले, आणि सर्वांत कठीण भाग म्हणजे त्यानंतर चोवीस तास त्याला कोणालाही हात लावू दिला नाही. ते लॉक दाराच्या वरच्या भागात, मुठीच्याही वर, भिकूने मागच्या पायांवर उभे राहूनही पोहोचणार नाही अशा उंचीवर लावले. कुत्र्याला पट्टा दिसतो, कळतो आणि तो चावता येतो हेही त्याला ठाऊक असते. म्हणून उंची महत्त्वाची. असे लॉक कितीही मजबूत असले तरी ते माणसाने लावले तरच लागते, म्हणून आमच्या घरी शेवटी पाणी काढणाऱ्याने ते लावायचे आणि न लावल्यास संध्याकाळची भांडी घासायची, असा नियम झाला. नियम झाल्यापासून सर्वांत जास्त भांडी मीच घासली आहेत.

लॉकच्या आधी मात्र दार स्वतःहून नीट बंद होते की नाही ते पाहावे. आमच्या जुन्या घराची फरशी मोरीकडे उतरती आहे, त्यामुळे फ्रीज किंचित पुढे झुकलेला होता आणि अर्धवट लोटलेले दार हळूच उघडे राही. पुढचे पाय थोडे वर फिरवून फ्रीज मागे कलता केला की दार आपल्या वजनानेच मिटते; हे काम दहा मिनिटांचे आहे. ज्यांचा फ्रीज प्लॅस्टिकच्या स्टँडवर आहे त्यांनी स्टँडच डुगडुगत नाही ना, हेही पाहावे, कारण दारावर उडी घेणाऱ्या मोठ्या कुत्र्याने उंचावरचा फ्रीज हलू शकतो. रबराची परीक्षा दहा रुपयांच्या नोटेने होते. नोट दारात धरून दार लावावे आणि नोट ओढावी. ती अडखळत आली तर रबर ठीक आहे, सुळकन आली तर तेथून थंड हवा, वास आणि कुत्र्याचे नाक या तिघांनाही वाट आहे. पावसाळ्यात रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरते, ती कोमट साबणपाण्याने पुसून कोरडी केली तर रबर पुष्कळ दिवस मऊ राहते. आमचे ताठरले होते, ते बदलले, आणि खरे सांगायचे तर निम्मे काम त्या नव्या रबरानेच केले.

फ्रीजच्या आतील मांडणीविषयी दोन नियम एकमेकांशी भांडतात. कुत्र्याचा विचार केला तर वासाचे पदार्थ वरच्या कप्प्यात हवेत. पण कच्चे मासे आणि मटण वर ठेवले तर त्यांचे पाणी खालच्या शिजवलेल्या अन्नावर ठिबकते, म्हणून ते सर्वांत खालीच ठेवले पाहिजेत. आम्ही यातून मार्ग काढला तो असा की मासे खालीच, परंतु बाजूंनी खटके लागणाऱ्या झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि शिजवलेले अन्न स्टीलच्या घट्ट डब्यांतून वर ठेवतो. दाराच्या खालच्या कप्प्यात आता फक्त पाण्याच्या बाटल्या आणि कोकमाच्या आगळाची बरणी असते. भिकूला आगळ आवडत नाही.

गोव्यातील घरच्या फ्रीजमध्ये कुत्र्याला घातक ठरणाऱ्या गोष्टी थोड्याथोडक्या नसतात. कांदा आणि लसूण कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी त्यांनी फुटतात, आणि अशक्तपणा किंवा तांबडी लघवी दिसायला काही दिवस लागतात, तोवर मसालेदार मटणाच्या शागोतीचा टोप कोणाला आठवतही नाही. चोरीसमध्ये, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजमध्ये, लसूण, तिखट, मीठ आणि चरबी हे सगळे एकत्र येते. एवढ्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. नाताळात शेजारून येणाऱ्या केकमध्ये रममध्ये भिजवलेले बेदाणे असतात, म्हणजे एका घासात दोन विषे. चॉकलेट जितके काळे तितके वाईट. सान्नांसाठी (इडलीसारख्या पदार्थासाठी) यीस्ट घालून ठेवलेले पीठ कुत्र्याच्या पोटाच्या उबेत फुगत राहते, त्यातून वायू आणि मद्यार्क दोन्ही तयार होतात. मधुमेह असलेल्यांनी आपल्या बिनसाखरेच्या पदार्थांच्या वेष्टनावर झायलिटॉल या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या पदार्थाचे नाव आहे का ते वाचावे. असल्यास ते कुत्र्याच्या रक्तातील साखर अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. मीही त्याच वर्गातला. माझी इन्सुलिनची पेने दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागतात, ती दाराच्या कप्प्यात असत, आणि नेवऱ्यांच्या दिवशी त्यांतले एक दातांच्या खुणांसह कोचाखाली मिळाले. त्याची सुई काढलेली होती, हे आमचे नशीब.

आणखी एक धोका कुत्र्याला नसून आपल्याला आहे, आणि त्याकडे कोणीच पाहत नाही. कुत्रा खाऊन निघून जातो, दार उघडेच राहते, आणि घरातली माणसे संध्याकाळी परततात तेव्हा आतले दिवे लागलेले आणि बांगडे कोमट झालेले असतात. बांगडा, तारले, कुप्पा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य पुष्कळ असते. मासा थंडाव्यातून बाहेर राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात, आणि एकदा बनलेले हिस्टामिन तळून, उकळून वा आमटीत घालून नष्ट होत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर गांधी उठणे, असे त्रास होतात आणि आपण म्हणतो, ‘मासा लागला.’ दार किती वेळ उघडे होते हे माहीत नसेल तर मसाला भरलेले बांगडे कितीही चांगले दिसत असले तरी टाकून द्यावेत. जीव हळहळतो, विशेषतः मासळीचे भाव चढलेले असताना, पण पर्याय नाही.

शिकवण्याचे काम आम्ही सर्वांत शेवटी घेतले, आणि माझ्या मते त्याची जागाही शेवटचीच आहे, कारण दार उघडते असेल तर शिकवण जिंकत नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीला कमरेएवढे लाकडी दार लावून घेतले, त्याच्या बाहेर भिकूची चटई घातली, आणि कोणीही फ्रीज उघडला की भिकूने चटईवर बसायचे व बसल्यास त्याला तेथेच, चटईवरच, उकडलेल्या भाताचा छोटा गोळा किंवा भोपळ्याची फोड मिळायची, असा पाठ दिला. खाणे फ्रीजपाशी कधीच द्यायचे नाही, ही त्यातली मेख आहे. आणि तीच सर्वांत जास्त मोडली जाते, मोडणारे बहुधा आजोबा असतात. पहिले आठ-दहा दिवस त्याचा उपद्रव उलट वाढला. दाराला धडका, रडणे, रात्री ओरखडे, हे सगळे झाले. जुनी युक्ती चालेनाशी होताना प्राणी ती आधी अधिक जोराने करून पाहतो, हे ठाऊक नसते तर आम्ही त्याच आठवड्यात हार मानली असती. शिवाय सकाळचे फिरणे वीस मिनिटांवरून पाऊण तासावर नेले. पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याबरोबर आम्ही निघतो आणि म्हार्दोळच्या देवळापर्यंत जाऊन येतो. थकलेल्या कुत्र्याला दुपारी फ्रीजपेक्षा झोप प्रिय असते, आणि थकलेल्या निवृत्त मास्तरालाही.

आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या कराव्यात, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. पहिली फ्रीज विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांनाही. दाराला किल्लीचे कुलूप असलेला फ्रीज दुकानात दाखवण्यासाठी तरी ठेवावा आणि ग्राहकाने तो मागावा. ज्यांच्या घरी असे कुलूप आहे त्यांनी किल्ली शोधून ती वापरात आणावी, मात्र घरात लहान मुले असतील तर कुलूप लावण्याआधी आत डोकावण्याची सवय ठेवावी. जुना फ्रीज अंगणात वा माळ्यावर धान्य आणि भंगार भरण्यासाठी ठेवण्याची पद्धत आपल्या गावांत आहे. असा फ्रीज ठेवायचाच असेल तर त्याचे दार बिजागऱ्यांसह काढून टाकावे. लपंडाव अजूनही खेळला जातो.

दुसरी विनंती आपल्यालाच आहे. चवथ, दिवाळी, नाताळ, शिगमो या दिवसांत घरोघरी फ्रीज भरलेले असतात, पाहुण्यांची वर्दळ असते, आमच्या कमरेएवढ्या दारासारखी दारे उघडी राहतात, आणि नेमक्या त्याच दिवशी प्राण्यांचे दवाखाने बंद असतात. सणाच्या आदल्या दिवशीच्या अंकात प्रत्येक तालुक्यात कोणते पशुवैद्य त्या दिवशी उपलब्ध आहेत, त्यांची वेळ आणि संपर्क क्रमांक, अशी चार ओळींची चौकट आपण छापू शकलात, तर सव्वा तास फोन फिरवत बसण्याची वेळ दुसऱ्या कोणावर येणार नाही. पशुवैद्यांनीही आपापसांत पाळी ठरवून ती नावे आपल्याकडे पाठवावीत. यंदाच्या चवथीला अजून वेळ आहे, तोवर ही जुळवाजुळव होऊ शकेल.

आमच्या घरी यंदा नेवऱ्यांत बेदाणे घालायचे की नाहीत यावर अद्याप एकमत झालेले नाही. सूनबाईंचे म्हणणे नकोत. आमच्या मंडळींचे म्हणणे असे की कुत्र्यासाठी देवाचा नैवेद्य बदलायचा नाही, डबा बदलायचा. डबा आणला आहे, त्याला चार खटके आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
म्हार्दोळ, फोंडा – गोवा